घरची औषधी वनस्पती काढणीला केव्हा येते?

पनवेल आणि औषधी वनस्पती यांचा संबंध जुना आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली याच गावात ‘श्री धूतपापेश्वर’ या आयुर्वेदीय औषध उद्योगाचा पाया घातला. त्या काळी पनवेल हे खाडीकाठचे बाजाराचे गाव होते. आज ते महानगरपालिकेचे शहर आहे, आणि परसांची जागा सदनिकांच्या गॅलऱ्यांनी व इमारतींच्या गच्च्यांनी घेतली आहे. तरीही तुळस, गवती चहा, कोरफड, अडुळसा, ओवा, गुळवेल यांपैकी दोनचार वनस्पती बहुतेक घरांत आढळतात. करोनाच्या साथीनंतर तर त्यांत लक्षणीय भर पडली.

झाड लावावे कसे, पाणी किती द्यावे, खत कोणते घालावे, याची माहिती सहज मिळते. परंतु झाडापासून औषध केव्हा घ्यावे, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. खोकला झाला की अडुळशाची हाताला येतील ती पाने तोडायची आणि ताप आला की गुळवेलीचा कोणताही तुकडा कापायचा, अशीच सर्वसाधारण रीत असते. अवेळी काढलेली वनस्पती गुणाने हलकी ठरते. मूळ किंवा साल चुकीच्या पद्धतीने काढल्यास झाडच दगावते. आणि ओळखीत गफलत झाल्यास औषधाऐवजी अपाय पदरी पडतो. म्हणून काढणीची वेळ हा औषधाच्या गुणाचाच एक भाग आहे, असे समजले पाहिजे.

झाड नव्हे, झाडाचे अंग तयार होते

‘झाड तयार झाले’ असे आपण बोलताना म्हणतो. औषधाच्या दृष्टीने मात्र झाडाचे एकेक अंग वेगवेगळ्या वेळी तयार होत असते. पान, साल, मूळ, कंद, फूल, फळ आणि बी यांची पक्वता एकाच दिवशी येत नाही. पाने उत्तम असतात तेव्हा मूळ रिकामे असू शकते आणि मूळ भरते तेव्हा पाने पिवळी पडलेली असतात.

याचे कारण वनस्पतीच्या जीवनक्रमात आहे. वाढीच्या काळात तिचे सारे सामर्थ्य पानांत असते. सुगंधी तेले आणि कडू द्रव्ये ही तिची कीटकांपासून व जनावरांपासून बचाव करण्याची साधने असतात आणि कोवळेपण सरून पान पूर्ण वाढले की बहुतेक वनस्पतींत ती भरपूर आढळतात. फुलोरा आला की अन्नरसाचा ओघ फुलांकडे आणि पुढे बियांकडे वळतो. हंगाम संपताना बहुवर्षायू वनस्पती उरलेला साठा मुळांत व कंदांत उतरवून ठेवते आणि वरचा भाग सुकू देते. त्यामुळे ढोबळ नियम असा सांगता येतो : पाने फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्याच्या आरंभी घ्यावीत, मुळे व कंद वरचा भाग सुकू लागल्यावर काढावेत, फुले उमलण्याच्या सुमारास खुडावीत, आणि बिया रंग पालटून टणक झाल्यावर, पण गळून पडण्याआधी गोळा कराव्यात.

ग्रंथांतील ऋतुविचार

हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे, हे स्पष्ट सांगितले आहे. नुकत्याच फुटलेल्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात. साल, कंद आणि चीक शरदात. झाडाचा गाभा हेमंतात. आणि फुले-फळे ज्या त्या ऋतूत, असा तो क्रम आहे. सुश्रुतसंहितेत आचार्यांमधील मतभेदाची नोंद आढळते. काही आचार्य प्रत्येक अंगाला एकेक ऋतू नेमून देतात. सुश्रुताला हे मान्य नाही. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत आणि उष्ण द्रव्ये उष्ण ऋतूत घ्यावीत, असे त्याचे मत आहे. शार्ङ्गधराने व्यवहाराला सोपा नियम दिला. सर्वसाधारण उपयोगासाठी रसरशीत औषधी शरद ऋतूत घ्यावी आणि वमन-विरेचनाची औषधे वसंताच्या अखेरीस आणावीत, असे तो सांगतो.

शार्ङ्गधराने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा, कोहळा अशी काही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत, असे त्याचे सांगणे आहे. या यादीतील पहिली दोन नावे आपल्या गॅलरीतली आहेत. बाजारातील जुन्या चूर्णापेक्षा दारची ताजी वनस्पती सरस ठरू शकते ती अशा ठिकाणी. अट एवढीच, की घेतलेले अंग पक्व असावे.

कोकणच्या पावसाचा हिशेब

ग्रंथांतील ऋतू पनवेलच्या हवामानाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची संततधार असते. त्या काळात पाने हिरवीगार दिसली तरी त्यांत पाण्याचा अंश फार असतो, आणि हवेत इतका दमटपणा असतो की तोडलेली पाने सावलीत वाळण्याऐवजी काळी पडतात आणि त्यांवर बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात ताज्या उपयोगापुरतीच पाने घ्यावीत. साठवणीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचा काळ निवडावा.

आश्विन-कार्तिकाचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ येथे काढणीसाठी सर्वांत सोयीचा असतो. ऊन कडक, आकाश निरभ्र आणि झाडे पावसाच्या पाण्यावर पोसलेली असतात. शार्ङ्गधराचा शरद ऋतूचा नियम कोकणात चांगला जुळतो तो यामुळेच. डिसेंबर ते फेब्रुवारी हा कंदांचा व मुळांचा काळ. मार्चनंतर उन्हाच्या झळांनी कुंडीतील पाने करपू लागतात. तेव्हा त्यांची छाटणी करावी, तोडणी नव्हे.

दिवसातील वेळही पाहावी. सुगंधी पाने सकाळी दव सुकल्यानंतर, पण ऊन तापण्याच्या आधी तोडावीत. पानांवर ओल असेल तर ती वाळताना कुजतात आणि दुपारच्या उन्हात सुगंधी तेलाचा काही भाग उडून जातो.

पाने : तुळस, गवती चहा, अडुळसा, कोरफड

तुळस : रोप लावल्यापासून साधारणतः तीन महिन्यांनी तुळस पहिल्या तोडणीला येते. मंजिऱ्या नुकत्याच फुटू लागल्या असताना पानांतील सुगंधी तेल भरपूर असते. मंजिरीतील बी काळे होऊन झडू लागले की पाने लहान व निबर होतात. जमिनीपासून वीतभर खोड राखून वरचा भाग कापल्यास पुन्हा फुटवे येतात आणि दोन ते अडीच महिन्यांनी दुसरी तोडणी मिळते. सायंकाळी आणि द्वादशीला तुळस खुडू नये, हा घरोघरी पाळला जाणारा संकेत श्रद्धेचा आहे. त्यामुळे झाडालाही आपोआप विसावा मिळतो.

गवती चहा : पात हिरवीगार, लांब आणि चुरगळल्यावर लिंबासारखा तीव्र वास देणारी असावी. हा वास सिट्रल या द्रव्याचा असतो. लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी पहिली कापणी करावी आणि पुढे दर दोन महिन्यांनी करीत राहावी. टोके तपकिरी होऊन पात खरखरीत झाली की वेळ टळली असे समजावे. बुंधा चार ते सहा बोटे राखून कापावा.

अडुळसा : फांदीच्या शेंड्याची कोवळी पोपटी पाने आणि बुडाची पिवळी पडलेली पाने दोन्ही वगळावीत. मधली, पूर्ण वाढलेली, गडद हिरवी पाने घ्यावीत. अडुळशातील व्हॅसिसिन हे द्रव्य श्वासमार्गावर काम करते. खोकल्यावरील ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध त्याच रेणूवरून बेतलेले आहे. गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये.

कोरफड : रोप सातआठ महिन्यांचे झाल्याशिवाय पान कापू नये. सर्वांत बाहेरचे, जाड आणि भरलेले पान बुडापासून काढावे. आतली पाने वाढीसाठी राखावीत. कापलेले पान काही वेळ उभे ठेवले की सालीखालचा पिवळा, कडू चीक निथळून जातो. हा चीक तीव्र रेचक आहे. तोच आटवून सुकविला की काळा बोळ होतो. गर हवा असल्यास चीक पूर्ण काढून टाकणे आवश्यक आहे.

खोड आणि साल : गुळवेलीचा धडा

गुळवेलीचे औषधी अंग म्हणजे तिचे पक्व खोड. हिरवी, बारीक, लवलवती वेल औषधाला अपुरी असते. व्यापारी काढणीत साधारण अडीच सेंटीमीटर जाडीचे खोड योग्य मानले जाते. घरी निदान अंगठ्याएवढे जाड झालेले, बाहेरून राखाडी-तपकिरी पातळ पापुद्रे सुटू लागलेले खोड घ्यावे. आडवे कापल्यास आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. बुडाचा भाग राखून कापल्यास वेल पुन्हा फुटते.

परंतु गुळवेलीच्या बाबतीत वेळेपेक्षाही ओळख महत्त्वाची आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले आणि २०२१ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वापरलेल्या वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असा आक्षेप केंद्रीय आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयाने, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असा इशारा दिला. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी-फोड दिसतात. वाद कसाही मिटो, सामान्य माणसाने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वेल जाणकाराकडून ओळखून घ्यावी. आणि यकृताचा किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

सालीच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अर्जुन, अशोक, कुडा अशा झाडांची साल खोडाभोवती गोल सोलून काढल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तुटतो आणि झाड काही काळाने मरते. साल नेहमी उभ्या, अरुंद पट्टीने, एकाच बाजूने घ्यावी आणि जखम भरून येईपर्यंत त्या झाडाला हात लावू नये.

कंद आणि मुळे : पिवळे पान ही खूण

हळद ही कंदाच्या पक्वतेची सर्वांत सोपी शिकवण आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद जातीनुसार सात ते नऊ महिन्यांत, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत तयार होते. पाने पिवळी पडून वाळू लागतात आणि देठापासून माना टाकतात. या आधी काढलेल्या गड्ड्यात पाणी जास्त आणि रंग कमी असतो. मोठ्या कुंडीतील हळद काढण्याआधी पंधरा दिवस पाणी तोडावे. साठवणीची हळद उकडून, मग दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते. हळकुंड मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला की ते वाळले.

अश्वगंधेला कोकणचा मोठा पाऊस सोसत नाही. म्हणून बी पावसाच्या उत्तरार्धात पेरावे. पाच ते सहा महिन्यांनी खालची पाने सुकतात आणि पातळ आवरणातील फळे लाल होतात, तेव्हा मुळे काढावीत. शतावरीला दीड ते दोन वर्षे थांबावे लागते. सुईसारखी पाने पिवळसर झाली की मातीखालची मुळे भरली असे समजावे. सर्व मुळे एकदम न उपटता काही घ्यावीत आणि मध्यवर्ती गड्डा पुन्हा मातीत बसवावा.

मूळ काढणे म्हणजे बहुधा झाड संपविणे, हे विसरता येत नाही. सर्पगंधेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लेख लिहिला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे मागणी इतकी वाढली, की रानातील सर्पगंधा दुर्मिळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. ही वनस्पती रक्तदाब व मन या दोहोंवर परिणाम करते. ती घरगुती उपचाराची नव्हे.

फुले, फळे, बिया : पक्वता उपयोगावर ठरते

पिकलेले ते तयार, हा समज फळांच्या बाबतीत नेहमी खरा ठरत नाही. हिरड्याचे झाड एकच, पण त्याच्या फळाला तीन नावे आहेत. बी धरण्याआधीच काढून वाळविलेला तो बाळहिरडा, अर्धवट वाढलेला चांभारी हिरडा आणि पूर्ण पक्व झालेला सुरवारी हिरडा. बाळघुटीला पहिला, कातडी कमावण्यास दुसरा आणि त्रिफळ्यासाठी तिसरा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात आदिवासी कुटुंबांना बाळहिरडा हे उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे. बेलाचेही असेच. अतिसारावर कोवळ्या फळाचा गर वापरतात. पिकलेला गर गोड असला तरी पचायला जड मानला जातो.

लवंगेत तर फूल उमलले की मोल गेले. कळी हिरवी असताना वाढते आणि गुलाबी छटा येऊ लागली की खुडावी लागते. मिऱ्याच्या घोसातील एखाद-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की सारा घोस तोडतात. जायफळ आपल्या तयारीची वर्दी स्वतःच देते. फळ उकलते आणि आतली लाल जायपत्री दिसू लागते. आवळा तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. त्याचा तकतकीत हिरवेपणा जाऊन पिवळसर, किंचित अर्धपारदर्शक छटा आली की तो भरला असे समजावे. ओवा व बडीशेप यांचे दाणे हिरव्यावरून पिवळट-करडे होताच झुपके कापून कागदावर उलटे टांगावेत, म्हणजे बी वाया जात नाही.

भांगेचे काय?

औषधी वनस्पतींचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. भांग आयुर्वेदातही आहे, मग तिचे एखादे रोप कुंडीत का लावू नये? शार्ङ्गधराने भांगेचा उल्लेख केला आहे हे खरे. पचनाआधीच शरीरभर पसरणाऱ्या, म्हणजे ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून त्याने भांग आणि अफू यांची नावे दिली आहेत. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘इ-१’ परिशिष्टात बी वगळता भांगेचा समावेश धोत्रा, बचनाग, कुचला यांच्या पंक्तीत होतो. ज्यांत ही द्रव्ये आहेत ती औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

या वनस्पतीत कोणते अंग केव्हा काढले, यावरच नाव, परिणाम आणि कायदा बदलतो. पाने ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा आणि त्यावरील राळ तो चरस. मादक द्रव्य स्रवणाऱ्या ग्रंथी फुलोऱ्याभोवती दाटलेल्या असल्याने हा भेद पडला. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने १८९४ च्या अहवालात याच तिन्ही प्रकारांचा स्वतंत्र विचार केला आणि संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर चित्र पालटले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, गांजाची व्याख्या ‘फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे’ अशी केली. शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या.

येथेच अनेकांची गल्लत होते. पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून झाड लावण्यास हरकत नाही, असा तर्क केला जातो. तो चूक आहे. याच कायद्याच्या कलम ८ नुसार भांगेच्या झाडाची लागवडच निषिद्ध आहे आणि कलम २० नुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड एक की शंभर, शेतात की कुंडीत, असा फरक लागवडीच्या गुन्ह्यात केलेला नाही. आपल्या जमिनीत असे बेकायदा पीक आढळल्यास ते कळविण्याची जबाबदारीही जमीनधारकावर आहे. पानांच्या, म्हणजे भांगेच्या विक्रीवर व बाळगण्यावर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव मिळत नसल्याचे सांगून गांजा लावण्याची परवानगी मागितली होती, त्याची बरीच चर्चा झाली. धागा व बी यांसाठी लागवडीला सरकार विशेष परवानगी देऊ शकते आणि उत्तराखंडासारख्या राज्यांनी त्या दिशेने पावले टाकली. परंतु ती परवान्याची शेती आहे, गॅलरीतील छंद नव्हे. तेव्हा हे झाड काढणीला केव्हा येते, हा प्रश्न घरगुती बागेत उद्भवतच नाही.

वाळवणे आणि साठवणे

योग्य वेळी काढलेली वनस्पती वाळविताना बिघडली तर सारे श्रम वाया जातात. पाने व फुले सावलीत, वारा खेळत्या जागी, जाळीवर किंवा सुती कापडावर पातळ पसरावीत. मुळे व कंद धुऊन, चकत्या करून उन्हात वाळवावेत. पान मुठीत चुरले की त्याचा चुरा व्हावा, देठ वाकवला की तुटावा आणि मुळाची चकती लवचीक राहू नये, या वाळल्याच्या खुणा आहेत. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेले वापरू नये. बुरशीचे विष डोळ्यांना न दिसता पसरलेले असते. असे द्रव्य टाकूनच द्यावे.

साठवण काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत करावी. वनस्पतीचे नाव, अंग आणि काढणीचा महिना चिठ्ठीवर लिहावा. शार्ङ्गधराच्या मते वाळलेली वनस्पती वर्षानंतर आणि चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. म्हणून चूर्ण गरजेपुरतेच करावे. वावडिंग व पिंपळी यांसारखे थोडे अपवाद सोडले, तर जुने ते सोने हा न्याय येथे लागू पडत नाही.

रानातून आणणे टाळावे

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या किंवा माथेरानच्या रानात फिरायला गेल्यावर एखादी वेल, एखादे मूळ सोबत आणण्याचा मोह होतो. कर्नाळा हे १९६८ पासून अभयारण्य असून तेथून वनस्पती नेणे वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. शिवाय शहरातील हौशी माणूस जे ओरबाडतो, त्यावर रानालगतच्या ठाकर व कातकरी कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी ‘वनधन’ योजनेखाली गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरविली. बुडखा राखून वेल कापली, तरच असा व्यवसाय वर्षानुवर्षे चालू शकतो. रोप हवे असल्यास रोपवाटिकेतून, शास्त्रीय नावाची खात्री करून घ्यावे.

थोडक्यात

• पाने : पूर्ण वाढलेली, फुलोऱ्याच्या आधी किंवा आरंभी, सकाळी दव सुकल्यावर.
• खोड : जाड व पक्व, बुडखा राखून.
• साल : उभ्या अरुंद पट्टीने, गोल कधीही सोलू नये.
• कंद व मुळे : पाने पिवळी पडून सुकू लागल्यावर, शक्यतो हिवाळ्यात.
• फुले व फळे : उपयोगानुसार, कळी, कोवळे किंवा पक्व.
• बिया : रंग पालटल्यावर, गळण्याआधी.
• एका वेळी झाडाच्या एकतृतीयांशाहून अधिक पाने घेऊ नयेत.
• नाव खात्रीने माहीत नसलेली वनस्पती पोटात घेऊ नये.

घरची वनस्पती साध्या सर्दी-खोकल्यापुरती उपयोगी पडते. दोनतीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती स्त्री वा नियमित औषधे घेणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर वैद्याचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घेणे हाच योग्य मार्ग होय. आणि ज्याने रोप लावले त्याने ते वर्षभर पाहावे. पान केव्हा गडद होते, कळी केव्हा धरते, देठ केव्हा मान टाकतो, याची नोंद दिनदर्शिकेच्या चौकटीत ठेवावी. दुसऱ्या वर्षी काढणीची तारीख कुणाला विचारावी लागणार नाही.